मृगाची रजा

माझ्या हातून आयुष्यात ठरवून केलेलं जे एक पाप झालं, ते दोन शब्दांचं होतं. जीपला टेकून, तोंडात सुपारीचं खांड असताना मी ते बोललो आणि पुढे अकरा वर्षं कोणाला सांगितलं नाही. बायकोलासुद्धा नाही. घरात मी कमी बोलणारा म्हणून प्रसिद्ध आहे. खरी गोष्ट अशी, की बोलायला लागलो तर बोलता बोलता तेच बाहेर पडेल अशी धास्ती होती.

संग्रामपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी, आमची सूतगिरणी होती आणि तिच्यात मी टाइमकीपर होतो. म्हणजे कोण किती वाजता आला, कोण आलाच नाही आणि कोण रजेवर आहे, हे लिहिणारा कारकून. गिरणीच्या चारी बाजूंनी पऱ्हाटीच पऱ्हाटी, म्हणजे कापसाची शेतं, त्यामुळे आमचा कामगार आधी शेतकरी आणि मग कामगार. वर्षभर माणसं गुमान यायची. मृग जवळ आला, की दोनशे माणसांना एकदम रजा हवी व्हायची.

पूर्वी रजा साहेबांच्या लहरीवर मिळे. ज्याच्या घरचा हुरडा मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर पोचला, त्याचा अर्ज मंजूर. मग युनियननं भांडून करार केला आणि रजेला कलमं लागली. युनियनचे सेक्रेटरी गिरणीतलेच फिटर होते, आम्ही त्यांना भाई म्हणायचो. शुक्रवारची नमाज आणि कराराचं कलम, या दोन गोष्टींत भाईंची चूक काढणारा माणूस तालुक्यात नव्हता. कराराची प्रत ते प्लास्टिकच्या पिशवीत घालून सायकलच्या दांडीला बांधून फिरत.

कलमं लागल्यावर रजेचा तक्ता करण्याचं काम माझ्याकडे आलं. जुन्या कॅलेंडरांच्या पाठकोऱ्या बाजू जोडून मी तो करायचो. हिरव्या पेन्सिलीचा चौकोन म्हणजे रजा, लाल म्हणजे नाही. माणसं त्यापुढे पंचांगापुढे उभं राहावं तशी उभी राहत. एकानं तर मुलीचा साखरपुडा गुरुजींनी काढलेल्या मुहूर्तावरून हलवून माझ्या हिरव्या चौकोनात आणला होता.

तक्ता सगळा बसला. बसले नाहीत ते दोन जॉबर.

जॉबर म्हणजे खात्यातल्या माणसांचा म्होरक्या. धागा तुटला, साचा अडला, कोणी उभ्या उभ्या डुलकी काढली, की बोंबलायचं काम त्याचं. कताई खात्यात असे दोघं होते आणि दोघं एकमेकांचे साडू. मोठ्या बहिणीचा नवरा तो थोरला जॉबर, धाकटीचा तो धाकटा जॉबर, असं गिरणीत सगळे म्हणत. दोघं माझ्याच गावचे. करारात लिहिलं होतं, की एका खात्याचे दोन जॉबर एकाच वेळी रजेवर जाणार नाहीत. ज्याची नोकरी जुनी, त्यानं आधी निवडायचं. नोकरी सारखी असेल तर जो वयानं मोठा, त्यानं. आणि एकदा लागलेला नंबर गिरणी असेपर्यंत बदलणार नाही.

दोघांनाही मृगाचा पहिला आठवडा हवा होता. बीटी कापूस येण्याआधी एवढं अडलं नसतं. घरचीच सरकी राखून ठेवलेली असायची, आठ दिवस इकडे झालं काय नि तिकडे झालं काय. पण आता बी पाकिटात आलं होतं. त्यातही एकाच वाणाची सगळ्या जिल्ह्याला भुरळ पडली होती. त्याच्यासाठी दुकानापुढे रांग, हातात सातबारा, आणि ज्याच्या नावावर शेत त्यानं स्वतः हजर. माणशी दोन पाकिटं. जो पहिल्या आठवड्यात रांगेत, त्याला ते बी. नंतर येणाऱ्याला दुकानदार देईल ते.

भाईंनी फाइल उघडली. दोघं एकाच दिवशी कामाला लागलेले. जन्मतारीख पाहिली, तर दोघांची एक जुलै, साल तेच.

आमच्याकडे अर्धा जिल्हा एक जुलैला जन्मला आहे. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख माहीत नसे. गुरुजी पोराला उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान धरायला सांगत. कान हाताला लागला, की सहा वर्षं पूर्ण, लिही एक जुलै. भाईंनी अख्ख्या खात्याच्या फाइली चाळल्या. अकरा माणसं त्याच दिवशी जन्मलेली निघाली.

"त्या दिवशी सुईण पागल झाली असन," भाई म्हणाले. मग माझी फाइल पाहिली. मीही एक जुलैचाच.

मॅनेजरसाहेब पुण्याकडचे होते. त्यांना हे भांडण इतकं सोपं वाटलं, की त्यांनी दोघांना केबिनमध्ये बोलावून हसत हसत सांगितलं, "अरे, एक वर्ष याला, एक वर्ष त्याला. संपलं."

"चालते साहेब," धाकटा जॉबर म्हणाला. "पहिलं वर्ष कोनाचं?"

साहेबांनी पाणी मागवलं. पाणी पिऊन म्हणाले, "नाणं उडवू."

थोरला उठून उभा राहिला. "साहेब, मी काय नाण्यातून जन्मलो? मोठा हाय त हाय. नाणं काटा पडलं म्हनून मानूस लहान होते काय?"

"हाव ना," धाकटा म्हणाला. "आन् छापा पडला म्हनून मोठा बी होत नाई. पन मोठा मी हाय."

"कायचा मोठा बे तू? माही बायको तुह्या बायकोपेक्षा मोठी हाय."

"बायकोच्या वयावर रजा भेटत असन त सांग. मंग मी माह्या सासूलेच गिरणीत लावतो."

भाईंनी टेबलावर हात आपटला. करारात बायको नाही, सासू नाही, फक्त वय आहे, असं त्यांनी दोघांना ऐकवलं. मग दोघांच्या आयांना विचारायचं ठरलं. दोघी हयात होत्या, खणखणीत होत्या. आपलं पोरगं पोळ्याच्या दिवशी झालं, असं दोघी सांगत. पुढे काही जुळेना. एक म्हणाली, माहा आधी. दुसरी म्हणाली, माहाच आधी, तिचा त दुसऱ्या दिशी, करीले झाला. त्यावर पहिली म्हणाली, "तिले काय मालूम? ते त बेसुध पडली होती." सहा महिने त्या दोघी एकमेकींकडे विरजण मागायला गेल्या नाहीत.

उरली सुईण. दोघांची सुईण एकच, आणि ती गावात होती. भाईंनी साध्या कागदावर लिहून घेतलं: बुढी सांगेल ते दोघांना मान्य, आणि त्यानंतर कोणी तिला पुन्हा विचारायला जाणार नाही. दोघांनी सह्या केल्या. युनियनकडून भाई आणि गिरणीकडून मी, असे दोघं जाणार.

आता माझं.

गावात माझी वडिलार्जित पाच एकर होती आणि ती मी थोरल्या जॉबरला बटईनं, अर्ध्या वाट्यानं कसायला दिली होती. त्याला मृगाची रजा मिळाली, तर तो रांगेत उभा राहून स्वतःच्या पाकिटांबरोबर माझ्या शेताचीही सोय करणार होता. दुकानदार त्याच्या ओळखीचा. नाही मिळाली, तर माझा सातबारा घेऊन मला उभं राहावं लागणार. आणि उन्हात उभं राहिलं, की माझा घोळणा फुटतो. नाकातून रक्त येतं, लोक जमतात, कोणी कांदा हुंगवतं, कोणी डोक्यावर तांब्या ओततं, आणि सगळ्यांदेखत भिजलेला मी. लहानपणापासून मला या एका गोष्टीची लाज आहे. माझ्या पापाचं कारण विचाराल तर तेवढंच. लोभ होता, सूड होता, असं काही सांगता आलं असतं तर बरं झालं असतं.

सुईण ओट्यावर तूर निवडत बसली होती. ऐंशीच्या पुढची. भाईंनी सलाम केला. तिनं त्यांच्याकडे पाहिलंच नाही, माझ्याकडे पाहिलं.

"कोन बे हा? पायाळू नव्हं?"

मी मान खाली घातली. पायांकडून जन्मलेल्याला पायाळू म्हणतात, हे भाईंना ठाऊक होतं. मी तसा आहे, हे नव्हतं.

"याचे पाय आधी आले," बुढी भाईंना सांगू लागली. "मंग बाकीचा. डोकं त येवाले तयारच नव्हतं. मी तवाच याच्या मायले म्हनलं, हे पोरगं उलटं काम करन."

भाई पोट धरून हसले. मग त्यांनी पिशवीतून करार काढला, उगाच एकदा कलम वाचून दाखवलं, आणि विचारलं, की माय, त्या पोळ्याला दोन पोरं झाली, पहिलं कोणतं?

बुढीनं क्षणभरही विचार केला नाही. "पोयाचा दिवस. बैल तोरनाखाली उभे होते, झडत्यायची गानी सुरू होती. तेवढ्यात वरच्या आळीतून बलावनं आलं. मी गेली, पोरगं झालं, नाळ कापली. हात धुते न धुते त खालच्या आळीचा मानूस दारात. खालच्या आळीत पोचली तवा बैल घरोघर पुजेले निंगाले होते. मंग तो झाला. मोठा वरच्या आळीचा."

"कितना फरक होगा, माय?"

"भाकरी भाजाले लागतात तेवढा. पाच भाकरी."

भाईंनी लिहून घेतलं. बुढीनं आम्हा दोघांना सुपारीचं एकेक खांड दिलं आणि आम्ही गिरणीच्या जीपपाशी आलो. भाई चिखलीकडचे, आमच्या गावातल्या आळ्या त्यांना माहीत नव्हत्या. पेन उघडं ठेवून त्यांनी विचारलं, "बाबूजी, वरच्या आळीचा कौन?"

वरच्या आळीचा होता धाकटा जॉबर. त्याचं घर मारुतीच्या पारामागे. त्या घरच्या जांभळीवर लहानपणी मी चढलेलो.

मी म्हणालो, "थोरला जॉबर."

भाईंनी लिहिलं. त्यांना संशय यायचं कारणच नव्हतं, मी गावचा. इतिवृत्त त्यांनी स्वतः तयार केलं, आमच्या टंकलेखकानं ते टंकून आणलं: 'सुईणीच्या साक्षीनुसार थोरले जॉबर हे धाकट्या जॉबरपेक्षा पाच भाकरींनी ज्येष्ठ असल्याचे उभयपक्षी मान्य करण्यात येत आहे.' मॅनेजरसाहेबांनी न वाचता सही केली. मग वाचलं. मग बराच वेळ खिडकीबाहेर पाहत बसले.

कागद बोर्डावर लागला तेव्हा मला वाटलं होतं, धाकटा आरडाओरडा करेल. मग चौकशी होईल आणि मी पकडला जाईन. पकडलं जाण्याची मी जवळजवळ वाटच पाहत होतो. त्यानं कागद दोनदा वाचला.

"बुढी खोटं कायले बोलन?" तो म्हणाला, आणि खात्यात जाऊन सगळ्यांसमोर थोरल्याच्या पाया पडला. थोरल्यानं त्याच्या डोक्यावर हात ठेवून, "सुखी राह्य," म्हटलं. माणसांनी टाळ्या वाजवल्या. मी पाणी प्यायला गेलो आणि तीन पेले प्यायलो.

आता वाटतं, गोष्ट रजेपुरतीच राहिली असती तर मी कदाचित विसरूनही गेलो असतो. पण गिरणीचा कागद गावात पोचला. त्याच्या झेरॉक्सा निघाल्या. दोघांच्या सासऱ्यानं एक फ्रेम करून भिंतीवर लावली. तोवर दोघं साडू दसऱ्याला वेशीत भेटून एकमेकांना सोनं देत, कोणी कोणाच्या घरी जायचं नाही, कारण मोठा कोण हे ठरलेलं नव्हतं. आता ठरलं. दर दसऱ्याला धाकटा आपट्याची पानं घेऊन थोरल्याच्या दारात जाई आणि वाके. धोंड्याच्या महिन्यात सासऱ्यानं आधी थोरल्याचे पाय धुतले. धाकट्याच्या वेळी पाणी गार झालं होतं, असं त्याची बायको सांगते.

आणि जून. दर जूनला तक्त्यावर पहिल्या आठवड्यात थोरल्याचा चौकोन हिरवा, धाकट्याचा लाल. पेन्सिल माझ्याच हातात. पहिल्या वर्षी धाकट्याची बायको सातबारा घेऊन रांगेत उभी राहिली. चार तासांनी खिडकीशी पोचली तर दुकानदार म्हणाला, शेत नवऱ्याच्या नावावर आहे, नवरा दाखवा.

"नवरा गिरणीत हाय," ती म्हणाली. "आनू काय पिशवीत घालून?"

रांग हसली. ती रिकाम्या हातानं घरी आली. धाकट्याची रजा लागेपर्यंत ते बी संपलेलं असे. मग कुठलं तरी, कोणी न ऐकलेल्या नावाचं पाकीट. एका वर्षी पेरणी इतकी मागे पडली, की ऐन बोंडं धरायच्या वेळी लाल्या आला, पानं लाल होऊन गळून गेली. मी त्याला हजेरीच्या खिडकीत विचारलं, कसं काय शेत?

"चालते," तो म्हणाला. "आपला नंबरच दुसरा, बाबूजी."

माझ्या पाच एकरांचं म्हणाल, तर थोरल्यानं दोनच वर्षांत बटई सोडली. "तुमच्या वावरात मातीपेक्षा गोटे जास्त हायेत," म्हणाला. म्हणजे ज्यासाठी खोटं बोललो ते दोन वर्षांत संपलं, आणि तक्ता मात्र नऊ जून चालला.

त्यात ते पायाळूपण. भाईंनी बुढीची गोष्ट गिरणीभर केली. आणि पायाळू माणसानं पाय दिला की पाठीत भरलेली उसण जाते, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ. दुसऱ्याच आठवड्यापासून टाइम ऑफिसात माणसं यायला लागली, तक्त्याखाली पालथी पडायला लागली. मी बूट काढून तीनदा पाय लावायचा. सर्वांत जास्त कोण यायचं, तर धाकटा जॉबर. त्याची पाठ गाठोडी उचलून नेहमीच धरलेली. ज्याला मी दुसऱ्या नंबरवर ढकललं, त्याच्याच पाठीवर वर्षातून तीन-चारदा मी पाय देत होतो. आणि तो उठायचा, कमरेतून हलून बघायचा, आणि माझ्याच पाया पडायचा. "बाबूजी, तुमचा पाय म्हंजे देवाचा पाय." त्या दिवशी मला जेवण जायचं नाही. बायको म्हणायची, पित्त झालं.

मग गिरणी बंद पडली. कापसाचं काय झालं, सुताचं काय झालं, त्याच्या गोष्टी निराळ्या. आमच्यापुरतं एवढंच, की एका सकाळी फाटकाला कुलूप होतं आणि दोनशे माणसांना, कुठलंही कलम न लागता, एकदम रजा मिळाली होती. बुढी त्याआधीच वारली होती. तिला जाऊन विचारणार कोणी उरलं नाही, म्हणून मी निश्चिंत व्हायला हवं होतं. उलट झालं. खरं माहीत असलेला मी एकटाच उरलो.

त्यानंतर दोन वर्षांनी, वेचणीच्या दिवसांत, एका दुपारी धाकटा माझ्या अंगणात आला. वाकडा होऊन चालत होता.

"भरली बाबूजी. गाठोडं उचललं आन् कडकन् आवाज आला."

मी पोतं अंथरलं. तो पालथा पडला. मी चप्पल काढून पाठीवर पाय ठेवला, एकदा, दोनदा. आणि दुसऱ्या खेपेला पाय तिथंच राहिला. त्याचं तोंड पोत्यात होतं, माझ्याकडे नव्हतं. असा मोका पुन्हा येणार नाही असं वाटलं.

"वरच्या आळीचे तुम्ही," मी म्हणालो.

"हाव. जन्मापासून."

"बुढी म्हणाली होती, मोठा वरच्या आळीचा. भाईनं मला विचारलं, वरच्या आळीचा कोण. मी थोरल्याचं नाव सांगितलं."

शेजारच्या कोंबड्या आमच्या अंगणात येऊन काही तरी टोचून गेल्या.

"पाय काढा," तो म्हणाला.

मी काढला.

"नाई, ठेवा. तिसरा बाकी हाय. तो द्या, मंग काढा."

मी तिसऱ्यांदा पाय दिला. तो उठून बसला. कंबर हलवून बघितली. उसण गेली होती, हे त्याच्या तोंडावर दिसलं, आणि त्याला त्याचाही राग आला.

"काऊन केलं असं?"

"रांगेत उभं राहायचं नव्हतं. बियाण्याच्या. उन्हात माझा घोळणा फुटतो."

"घोळना."

"हो."

"नऊ जून गेले माहे. अकरा दसरे त्या मानसाच्या पाया पडलो. तुमच्या नाकासाठी?"

मी मान हलवली. तो बराच वेळ माझ्या नाकाकडे पाहत राहिला.

"काही मोठं कारन असतं," शेवटी म्हणाला, "त राग तरी धरता आला असता राजेहो." आणि पाया न पडता निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला, मला मोटारसायकलवर बसवून संग्रामपूरला घेऊन गेला. भाईंनी तिथं पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं होतं. मी सगळं पुन्हा सांगितलं. भाईंनी हातातला पाना खाली ठेवला.

"मेरे हाथ से झूठ लिखवाया तुमने?" ते हळूच म्हणाले. "मेरे हाथ से?" त्यांचा आवाज एवढा लहान मी कधी ऐकला नव्हता. मॅनेजरशी भांडताना तो रस्त्यापर्यंत जायचा. मला धाकट्यापेक्षा त्या क्षणी भाईंची जास्त शरम वाटली.

मग ते आत गेले आणि प्लास्टिकची पिशवी घेऊन आले. करार त्यांनी जपून ठेवला होता. थोरल्याला फोन करून बोलावून घेतलं. तो आला, त्यानं ऐकलं, आणि खुर्चीत बसायचं सोडून टायरवर बसला.

"म्हंजे मी पाच भाकरींनी लहान?"

"हाव," धाकटा म्हणाला.

"मंग मी अकरा वर्षं जे आशीर्वाद देल्ले, ते?"

"ते काय?"

"ते वापस दे. लहान मानसाचे आशीर्वाद मोठ्याले चालत नाई."

"ते खर्च झाले साडभाऊ," धाकटा म्हणाला. "दोन पोरीच्या लग्नात गेले. एक बोअरले पानी लागाले गेला. बाकीचे लाल्यात गेले."

दुकानात पंप घेऊन आलेला एक शेतकरी हसत सुटला, तर भाईंनी त्याला बाहेर उभं राहायला सांगितलं, कारण ही बैठक होती. त्यांनी कलम वाचलं. हजेरी कार्यालयाच्या चुकीमुळे कामगाराची रजा बुडाली, तर तेवढीच बदली रजा त्याला देण्यात यावी.

"गिरणी कुठं हाय पन?" थोरला म्हणाला. "देनार कोन?"

भाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हजेरी ऑफिस ये बैठा है."

निवाडा असा झाला: नऊ जून, दर जूनचा पहिला आठवडा, धाकट्या जॉबरच्या वावरातलं काम मी करायचं आणि त्यानं रजेवर राहायचं. इतिवृत्त मी लिहिलं. धाकट्यानं त्यात 'झडत्या सुरू असताना' हे शब्द घालायला लावले. थोरल्यानं सही करताना, दसऱ्याचं मी सासऱ्याशी बोलून सांगतो, असं पुटपुटून घेतलं. माफ केलं, असं कोणी म्हणालं नाही. मीही विचारलं नाही.

बायकोला त्याच रात्री सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे पित्त नव्हतं तर."

तीन जून झाले. पहाटेच उठून मी त्यांच्या वावरात जातो. डोक्यावर ओला पंचा, नाकावर ओला रुमाल, कमरेला बियाण्याची पिशवी, आणि दोरीनं आखलेल्या रेघांच्या फुल्या पडल्या तिथं वाकून दोन दोन दाणे टोबायचे. आता बी कुठलंही मिळतं, रांग नाही, आणि कुठल्याही बियाला अळी लागते. पहिल्या वर्षी दुसऱ्याच तासाला, म्हणजे ओळीला, माझा घोळणा फुटला. धाकट्याच्या बायकोनं कांदा आणून दिला, मी उठेपर्यंत सावलीला उभी राहिली, आणि म्हणाली, "झालं? ती बाजू राह्यली हाय." हजेरी तीच घेते. माझ्यापेक्षा कडक घेते, पाच मिनिटं उशीर झाला तरी बोलून दाखवते.

तिचा नवरा पहिल्या जूनला बांधावर बसून राहिला. रजेवर माणसानं काय करायचं हे त्याला माहीत नव्हतं. दोनदा उठून माझ्या हातातली पिशवी घ्यायला आला, तर बायकोनं त्याला हाकललं. दुसऱ्या वर्षी तो निंबाखाली खाट टाकून झोपला. यंदा मृग लागायच्या आदल्या दिवशी धुतलेला सदरा घालून तो मुलीकडे चिखलीला गेला. पेरणी सोडून जूनमध्ये पाहुणा गेलेला माणूस आमच्या गावानं पहिल्यांदा पाहिला. एसटीत बसवायला वरची आळी आली होती म्हणे.

यंदाच त्या आठवड्यात माझ्या पुतणीचं लग्न निघालं. मी सकाळी वावरात गेल्याबरोबर धाकट्याच्या बायकोला म्हणालो, "वहिनी, परवा एक दिवस सुट्टी पाहिजे होती."

ती फुल्या पाडत होती. दोरी सोडली नाही. "एका टायमाले एकच," म्हणाली. "ते गेले ना रजेवर."

"कधी येतात?"

"आरामात येतीन. आठ दिवस हायेत त्यायचे." तिनं दोरी ताणली, पुढची फुली पाडली. "मोठे हायेत ते. त्यायची झाली की मंग तुमची."

मी पंचा ओला करून घेतला आणि तासाला लागलो.